चिप तयार झाली, जोडणीचे काय?

राष्ट्रीय विज्ञानवार्ता नियमित वाचणाऱ्यांच्या नजरेखालून एका विशिष्ट प्रकारची बातमी वारंवार जाते. देशातील एखाद्या नामवंत संस्थेतील संशोधकांनी नाण्याएवढी चिप तयार केलेली असते. तिच्यावर रक्ताचा एक थेंब टाकला की काही मिनिटांत निदान होते, खर्च अत्यल्प येतो आणि हे तंत्रज्ञान लवकरच खेड्यापाड्यांत पोहोचेल, असे बातमीच्या अखेरीस म्हटलेले असते. सोबतच्या छायाचित्रात हातमोजा घातलेल्या दोन बोटांमध्ये धरलेली एक पारदर्शक चकती दिसते. बातमी खोटी नसते. संशोधन प्रामाणिक असते आणि त्याचे निष्कर्ष प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्धही झालेले असतात. मात्र त्या चिपचे पुढे पाच वर्षांनी काय झाले, याची बातमी सहसा वाचायला मिळत नाही.

आज मला त्या छायाचित्राच्या चौकटीबाहेर राहिलेल्या गोष्टींविषयी लिहायचे आहे. चिपला जोडलेला सिरिंज पंप, त्यातून निघालेल्या बारीक नळ्या, खाली ठेवलेला सूक्ष्मदर्शक, बाजूचा संगणक, आणि हे सारे सांभाळणारा तो संशोधक विद्यार्थी, ज्याच्याशिवाय ती चिप एक दिवसही चालत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: सूक्ष्मप्रवाही चिप बनवण्याचे ज्ञान आपल्या देशात आता पुरेसे रुजले आहे. चिप, यंत्र, जैविक नमुना आणि वापरणारा माणूस यांना एकत्र जोडण्याचे ज्ञान मात्र आपण दुय्यम मानत आलो आहोत. जैव अभियांत्रिकीतील या शाखेचे भवितव्य यापुढे त्या जोडणीवरच ठरणार आहे.

प्रथम मूळ शास्त्राकडे पाहू. मायक्रोफ्लुइडिक्स, म्हणजेच सूक्ष्मप्रवाहशास्त्र, हे केसाच्या जाडीच्या वाहिन्यांतून द्रव खेळवण्याचे शास्त्र आहे. या वाहिन्यांची रुंदी साधारणपणे दहा ते काहीशे मायक्रोमीटर असते. एवढ्या लहान जागेत पाण्याचा स्वभावच बदलल्यासारखा वाटतो. नळाच्या धारेत दिसणारी खळबळ येथे नाहीशी होते. दोन रंगांचे प्रवाह एकाच वाहिनीत सोडले तर ते शेजारीशेजारी शांतपणे वाहत राहतात, आणि एकमेकांत मिसळतात ते केवळ रेणूंच्या विसरणामुळे. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मध्यम आकाराच्या प्रथिनाच्या रेणूला पाण्यात एक सेंटिमीटर अंतर केवळ विसरणाने कापण्यास पाच दिवसांहून अधिक काळ लागेल. तेच अंतर शंभर मायक्रोमीटर असेल तर एक मिनिट पुरे होतो, आणि दहा मायक्रोमीटर असेल तर अर्धा सेकंद.

जीवशास्त्राला या शास्त्राचे आकर्षण वाटते ते यामुळेच. आपल्या बहुतेक पेशींचा आकार दहा-वीस मायक्रोमीटरच्या घरात असतो. शरीरातील केशवाहिन्या त्याहूनही अरुंद असतात. म्हणजे पेशी ज्या मापाच्या जगात राहते, त्याच मापाचे जग आपण काचेत किंवा प्लास्टिकमध्ये घडवू शकतो. तेलात पाण्याचे सूक्ष्म थेंब बनवून प्रत्येक थेंबात एकेक पेशी कोंडता येते आणि सेकंदाला हजारो थेंब तपासता येतात. विकरांच्या असंख्य प्रकारांतून हवा तो निवडणे, रक्तातील दुर्मीळ पेशी वेगळ्या काढणे, सूक्ष्मजंतूंवर औषधाचा परिणाम तासाभरात पाहणे ही सर्व कामे आज जगभरातील प्रयोगशाळांत या मार्गाने होत आहेत.

या शास्त्राचा इतिहासही आपल्या विषयाशी निगडित आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सिलिकॉनच्या चकतीवर वायूंचे पृथक्करण करणारे उपकरण कोरले गेले. १९९० मध्ये आंद्रेआस मान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रासायनिक विश्लेषणाची संपूर्ण प्रणाली सूक्ष्म आकारात आणण्याची कल्पना मांडली. येथे ‘संपूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नमुना घेणे, तो वाहून नेणे, त्याच्यावर प्रक्रिया करणे, घटक वेगळे करणे आणि मोजणे हे सर्व एका प्रणालीत यावे, अशी ती मूळ कल्पना होती. म्हणजे एकत्रीकरण हे या शाखेचे जन्मापासूनचे उद्दिष्ट आहे.

पुढे १९९८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने पीडीएमएस या पारदर्शक सिलिकोन रबरात अशा वाहिन्या झटपट घडवण्याची पद्धत रूढ केली. २००० मध्ये स्टीफन क्वेक यांच्या गटाने त्याच रबरात हवेच्या दाबाने उघडमीट करणाऱ्या सूक्ष्म झडपा बसवून दाखवल्या. चिप बनवण्यासाठी अब्जावधी रुपयांच्या कारखान्याची गरज उरली नाही. साचा, रबर आणि भट्टी असली की विद्यार्थी दोन-तीन दिवसांत नवी चिप हाती घेऊ लागला. या सोयीने संशोधनाला विलक्षण गती दिली. त्याच व्हाइटसाइड्स यांनी २००६ मध्ये ‘नेचर’मधील आपल्या सुप्रसिद्ध लेखात या शाखेचा आढावा घेतला, तेव्हा इतके गुण असूनही हे तंत्रज्ञान सर्वत्र का पसरले नाही, या प्रश्नाला त्यांना सामोरे जावे लागले. तो प्रश्न आजही पुष्कळ अंशी कायम आहे.

अडचण नेमकी कोठे येते, हे एका साध्या गणिताने पाहता येईल. शंभर मायक्रोमीटर रुंद, तेवढीच खोल आणि दोन सेंटिमीटर लांब अशी एक वाहिनी घ्या. तिच्यात ०.२ मायक्रोलिटर द्रव मावतो. आता तिला पंपाशी जोडणारी नळी पाहा: आतील व्यास अर्धा मिलिमीटर, लांबी तीस सेंटिमीटर. या नळीत सुमारे ५९ मायक्रोलिटर द्रव मावतो. म्हणजे चिपमध्ये जेवढा द्रव आहे, त्याच्या जवळजवळ तीनशेपट द्रव एका नळीतच अडकून पडतो. ‘अतिसूक्ष्म नमुना पुरतो’ हा चिपचा सर्वांत मोठा गुण ती नळी गिळून टाकते. शोधनिबंधातील आकृतीत नळी एका बारीक रेषेने दाखवलेली असते, म्हणून हे वाचकाच्या लक्षात येत नाही.

दुसरी अडचण बुडबुड्यांची. पेशी जगवण्यासाठी चिप ३७ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. थंड द्रव तेथे पोहोचून तापला की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते आणि वाहिनीत बुडबुडा अडकतो. पन्नास मायक्रोमीटर व्यासाच्या वाहिनीत अडकलेला बुडबुडा पुढे ढकलण्यासाठी, पृष्ठताणामुळे, अर्ध्या मीटरहून अधिक उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा दाब लागू शकतो. तेवढा दाब दिला की पेशी वाहून जातात. न दिला तर त्या उपाशी मरतात. आठवडाभर चाललेला प्रयोग एका बुडबुड्याने संपलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

तिसरी अडचण अधिक मूलभूत आहे, आणि ती नमुन्याची आहे. समजा, क्षयरुग्णाच्या थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये शंभर जिवाणू आहेत. आपल्या चिपमध्ये एक मायक्रोलिटर मावतो. मग त्या मायक्रोलिटरमध्ये सरासरीने जिवाणूचा एकदशांश भाग येणार. म्हणजे दहांपैकी नऊ वेळा तेथे एकही जिवाणू नसेल. जगातील सर्वांत संवेदनशील चिपही नसलेला जिवाणू शोधू शकत नाही. म्हणून आधी मोठ्या नमुन्यातून जिवाणू किंवा त्यांचा डीएनए गोळा करून तो लहान आकारमानात आणावा लागतो. थुंकी दाट आणि चिकट असते, ती पातळ करावी लागते. रक्त गोठते, त्यातील पेशी वाहिन्या तुंबवतात. प्रयोगशाळेत शुद्ध द्रावणावर उत्तम चाललेली चिप खऱ्या नमुन्यासमोर हतबल होते ती येथे.

या तिन्ही अडचणींत चिपचा दोष कोठेच नाही. त्या सांध्यांवर उद्भवतात: चिप आणि नळी यांच्या, द्रव आणि तापमान यांच्या, रुग्णाचे शरीर आणि वाहिनीचे माप यांच्या. म्हणूनच चिप कितीही सुधारली तरी त्या सुटत नाहीत.

आता ज्यांनी हे सांधे जुळवले, अशी दोन उदाहरणे पाहू. दोन्ही क्षयरोगाच्या निदानाची आहेत, आणि जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एकचतुर्थांश रुग्ण भारतात असल्याने आपल्याशी त्यांचा थेट संबंध आहे.

पहिले उदाहरण ‘जीनएक्स्पर्ट’ या अमेरिकी यंत्राचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या अखेरीस क्षयरोगाच्या निदानासाठी त्याची शिफारस केली. त्याच्या प्लास्टिकच्या काडतुसात दट्ट्या आहे, फिरणारी झडप आहे, गाळणी आहे, रसायने आहेत. प्रक्रिया केलेली थुंकी आत ओतून काडतूस यंत्रात बसवले की डीएनए बाहेर काढण्यापासून पीसीआरपर्यंतची सर्व कामे मनुष्याचा हात न लागता दोन तासांत होतात, आणि रिफॅम्पिसिन या प्रमुख औषधाला जिवाणू दाद देतात की नाही, तेही कळते. एकत्रीकरणाचा हा एक आदर्श नमुना म्हणता येईल. पण या पूर्णत्वाची किंमत मोजावी लागते. काडतूस गुंतागुंतीचे आणि महाग असते. यंत्राला स्थिर वीज लागते, आणि आपल्याकडील उन्हाळ्यात वातानुकूलित खोलीही लागते. परिणामी हे यंत्र मुख्यतः मोठ्या केंद्रांत राहिले.

दुसरे उदाहरण ‘ट्रूनॅट’चे. बंगळूरुच्या बिगटेक लॅब्ज आणि गोव्याचा ट्यूलिप समूह यांच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या मोलबायो डायग्नोस्टिक्स या कंपनीचे हे उपकरण. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात झालेले त्याचे मूल्यमापन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या चाचण्यांनंतर ते राष्ट्रीय कार्यक्रमात आले आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. यात दोन वेगळी यंत्रे आहेत. पहिले थुंकीतून डीएनए काढून तो थोड्याशा द्रवात गोळा करते. त्यातील सहा मायक्रोलिटर द्रव तंत्रज्ञ पिपेटने उचलतो आणि एका लहानशा चिपवर सोडतो. चाचणीची रसायने वाळवलेल्या स्वरूपात असतात. ती चिप दुसऱ्या यंत्रात ठेवली की सुमारे तासाभरात उत्तर मिळते. दोन्ही यंत्रे बॅटरीवर चालतात आणि वातानुकूलनाची अपेक्षा ठेवत नाहीत.

ट्रूनॅट हे अपूर्ण एकत्रीकरण आहे, असा आक्षेप कोणी घेईल; कारण मध्येच माणसाचा हात येतो. काटेकोर व्याख्येनुसार त्याला सूक्ष्मप्रवाही उपकरण म्हणावे का, याविषयीही जाणकारांत मतभेद होऊ शकतील. पण मला त्यातच त्याचे शहाणपण दिसते. द्रव एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याचे काम यंत्राने करायचे तर झडप हवी, पंप हवा, आणि ते बिघडले तर दुरुस्तीला माणूस हवा. तेच काम प्रशिक्षित तंत्रज्ञ काही सेकंदांत करतो. त्यात चुकीची शक्यता आहे, प्रशिक्षणाचा खर्च आहे. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा विचार करून घेतलेला तो निर्णय आहे. २०२० मध्ये कोविडची साथ आली तेव्हा हीच यंत्रे जिल्ह्याजिल्ह्यांत आधीपासून असल्यामुळे त्यांच्यावर नव्या विषाणूची चाचणी सुरू करता आली.

एकत्रीकरण म्हणजे सर्व काही चिपवर कोंबणे, असा एक समज विद्यार्थ्यांत रूढ आहे. या दोन उदाहरणांवरून मला त्याची वेगळी व्याख्या सुचते. कोणते काम चिपने करावे, कोणते यंत्राने करावे आणि कोणते माणसाच्या हाती ठेवावे, याची विचारपूर्वक वाटणी म्हणजे एकत्रीकरण. ही वाटणी स्थळकाळावर अवलंबून असते. विदर्भातील मे महिन्याची दुपार, बिहारमधील खंडित वीज, ईशान्येकडील डोंगरी रस्त्यांवरील हादरे, आरोग्य केंद्रातील एकट्या तंत्रज्ञावरचा कामाचा ताण, या गोष्टी परदेशी आराखड्यात नसतात. म्हणून चिपचे तंत्र बाहेरून शिकता येते, तरी जोडणीचे निर्णय आपले आपल्यालाच घ्यावे लागतात.

हा प्रश्न केवळ रोगनिदानापुरता मर्यादित नाही. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांत दुरुस्ती केली. त्यामुळे औषधांच्या मानवपूर्व चाचण्यांत प्राण्यांच्या जोडीने किंवा प्राण्यांऐवजी मानवी पेशींपासून बनवलेली त्रिमितीय अवयवसदृश रचना, ‘ऑर्गन-ऑन-चिप’ आणि संगणकीय पद्धती वापरण्यास वाट मोकळी झाली. अमेरिकेतही डिसेंबर २०२२ मध्ये अशा स्वरूपाचा कायदा झाला होता. म्हणजे या बाबतीत आपला नियम जगाच्या मागे नाही. आपली प्रयोगशाळा त्या नियमाला पुरी पडेल का, हा खरा प्रश्न आहे.

ऑर्गन-ऑन-चिप म्हणजे मानवी अवयवाच्या एखाद्या कार्याची सूक्ष्म प्रतिकृती. २०१० मध्ये डोनाल्ड इंगबर आणि डॅन हू यांच्या गटाने फुप्फुसाची चिप सादर केली. एकावर एक अशा दोन वाहिन्या, त्यांच्यामध्ये सच्छिद्र लवचीक पटल, पटलाच्या एका बाजूला फुप्फुसाच्या पेशी व त्यांच्यावर हवा, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या पेशी व त्यांच्यालगत वाहणारा द्रव. आणि श्वासाप्रमाणे ते पटल ताणणारी निर्वात पोकळी. बारा वर्षांनी, २०२२ मध्ये, यकृताच्या चिपवरील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २७ औषधे ८७० चिप्सवर तपासली गेली. प्राण्यांवरील चाचण्यांतून सुटलेल्या आणि माणसाच्या यकृताला अपायकारक ठरलेल्या औषधांपैकी ८७ टक्के औषधे चिपने ओळखली, आणि निर्धोक औषधांपैकी एकालाही अपायकारक ठरवले नाही. हा अभ्यास चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच पुढाकाराने झाला होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही ८७० हा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. एक चिप चालवणे हे विद्यार्थ्याचे कौशल्य असते. ८७० चिप्स एकसारख्या चालवायच्या तर प्रवाह, तापमान, वायूंचे प्रमाण आणि नोंदी सांभाळणारी यंत्रणा लागते. औषध नियंत्रक पुरावा मानतो तो अशा पुनरावृत्तीला.

येथे पदार्थाच्या निवडीचाही मुद्दा येतो. ज्या पीडीएमएस रबराने ही शाखा वाढवली, ते पाण्यात सहज न विरघळणारे लहान रेणू शोषून घेते, हे २००६ मध्येच दाखवून दिले गेले होते. अनेक औषधांचे रेणू नेमके याच प्रकारचे असतात. म्हणजे आपण पेशींना दहा मात्रा औषध दिले असे समजतो, आणि त्यातील बरेचसे चिपच्या भिंतीत मुरते. पेशी तगून राहतात आणि औषध निर्धोक असल्याचा भास होतो. शोषणाचे मोजमाप न करता अशा चिपवरून औषधाविषयी निष्कर्ष काढला, तर त्याची किंमत शेवटी रुग्णाला मोजावी लागेल. प्रयोगशाळेत सोयीचा असलेला पदार्थ रुग्णालयासाठी सुरक्षित असेलच असे नाही, आणि हा विचार संशोधनाच्या पहिल्या महिन्यात करायचा असतो. प्रबंध लिहून झाल्यावर तो उद्योगावर सोपवता येत नाही.

‘विद्यापीठांनी मूलभूत संशोधन करावे, जोडणीची कामे उद्योगाने करावीत’, या युक्तिवादाला माझे उत्तर हेच आहे. मूलभूत संशोधनाचे मोल मी कमी लेखत नाही. सूक्ष्म वाहिन्यांतील प्रवाहांविषयी भारतीय संशोधकांनी, विशेषतः आयआयटी खरगपूरच्या सुमन चक्रवर्ती यांच्यासारख्या अभ्यासकांनी, मोलाची भर घातली आहे. परंतु पदार्थ कोणता, वाहिनी कोणत्या मापाची, नमुना कोणत्या मार्गाने आत येणार, हे निर्णय आराखड्याच्या वेळीच होतात. ते चुकले तर उद्योगाला सर्व काही पुन्हा करावे लागते, आणि बहुतेक उद्योग त्या वाटेला जातच नाहीत.

इलेक्ट्रॉनिक्सच्या क्षेत्रात आपण हा धडा शिकलो आहोत, असे दिसते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यानंतर मंजुरी मिळालेले काही मोठे प्रकल्प कोणते, ते पाहा: गुजरातेत साणंद येथे मायक्रॉनचा आणि आसामात जागीरोड येथे टाटा समूहाचा सुमारे २७,००० कोटी रुपयांचा प्रकल्प. दोन्ही चिपच्या जुळणीचे आणि चाचणीचे आहेत. सिलिकॉनचा तुकडा आवरणात बसवून त्याला बाहेरच्या जगाशी जोडणे हा स्वतंत्र, प्रतिष्ठित आणि भांडवलाला पात्र असा उद्योग आहे, हे तेथे सर्वांनी मान्य केले आहे. जैविक चिपच्या बाबतीत त्याच कामाला आपण अजून ‘उरलेले काम’ समजतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जैवउत्पादनाला चालना देणारे ‘बायोई३’ धोरण मंजूर केले. त्याच्या अंमलबजावणीत तरी ही दृष्टी बदलावी, अशी अपेक्षा आहे.

यासाठी मला तीन गोष्टी आवश्यक वाटतात.

पहिली, मानकांचा स्वीकार. सूक्ष्मप्रवाही उपकरणांची मापे आणि जोडण्या एकमेकांशी जुळाव्यात यासाठी ‘आयएसओ २२९१६’ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२२ मध्ये आले. चिपवरील छिद्रे किती अंतरावर असावीत, चिपचा आकार कसा असावा, असे त्याचे वरवर नीरस वाटणारे विषय आहेत. पण चेन्नईच्या प्रयोगशाळेतील चिप पुण्याच्या प्रयोगशाळेतील यंत्रात बसावी, असे वाटत असेल तर या नीरस गोष्टींना पर्याय नाही. सार्वजनिक निधीतून होणाऱ्या प्रकल्पांना हे मानक पाळण्याची अट घालणे अवघड नाही.

दुसरी, साचेकाम जाणणाऱ्यांशी संबंध. रबराची चिप एकेक करून ओतली जाते. लाखोंच्या संख्येने चिप हवी असेल तर कडक प्लास्टिक आणि इंजेक्शन मोल्डिंगकडे वळावे लागते. छत्रपती संभाजीनगर, अहमदाबाद आणि इंदूर येथे इंडो-जर्मन टूल रूम आहेत, देशभर ‘सिपेट’ची केंद्रे आहेत. तेथील साचेकारांना मायक्रोमीटरची भाषा नवी नाही. जैव अभियांत्रिकीच्या किती विद्यार्थ्यांनी तेथे एक आठवडा घालवला आहे? आपली वाहिनी साच्यातून सुटते का, तिच्या कडेला किती उतार हवा, झाकण कसे चिकटवायचे, हे साचेकार अर्ध्या तासात सांगतो. ते संभाषण पहिल्या वर्षी झाले तर पुढची तीन वर्षे वाचतात.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, श्रेयाची पद्धत. आज नवी चिप केली की शोधनिबंध मिळतो. तीच चिप दुसऱ्याच्या हातात शंभर वेळा अचूक चालवून दाखवली तर त्याला नावीन्य नाही म्हणून परत पाठवले जाते. निधी देणाऱ्या संस्थांनी प्रस्तावातच विचारावे: ही चिप तुमच्या गटाबाहेरचा कोण चालवणार, कोठे आणि किती वेळा? बुडबुडे, गळती, तुंबणे यांच्या नोंदी प्रसिद्ध करण्याला शोधनिबंधाइतके मोल द्यावे. अपयशाच्या त्या नोंदी नसल्यामुळे देशभरातील प्रत्येक नवा विद्यार्थी त्याच बुडबुड्यापाशी पुन्हा सहा महिने घालवतो.

याला एक रास्त आक्षेप आहे. जोडणीच्या कामाला वेळ लागतो, आणि पीएचडीचा कालावधी मर्यादित असतो. ट्रूनॅटच्या बाबतीतही प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनापासून जागतिक शिफारशीपर्यंत सात वर्षे गेली, त्याआधीच्या उभारणीचा काळ वेगळाच. एका विद्यार्थ्यावर हा भार टाकणे अन्यायाचे होईल, हे मला मान्य आहे. म्हणूनच ही जबाबदारी संस्थेची असली पाहिजे. विद्यार्थी येतात आणि जातात. पंप, जोडण्या, मोजमापे सांभाळणारा कायमस्वरूपी, सन्मानाने नेमलेला अभियंता प्रत्येक मोठ्या प्रयोगशाळेत हवा. आपल्याकडे महागडी यंत्रे घेण्यासाठी निधी मिळतो; ती चालवणाऱ्या कुशल माणसाच्या पदासाठी मात्र तो क्वचितच मिळतो.

अखेरीस विद्यार्थी मित्रांसाठी एक सूचना, जिला निधी लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही. तुमची चिप तयार झाली की ती तुमच्या विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या मित्राच्या हाती द्या. एका कागदावर कृती लिहून द्या आणि तुम्ही खोलीबाहेर थांबा. मदतीला आत जाऊ नका. तासाभराने त्याने काय केले, कोठे अडला, कोणती नळी निसटली, कोणते वाक्य त्याला समजले नाही, हे सारे लिहून काढा. ती यादी तुमच्या प्रबंधातील सर्वांत प्रामाणिक प्रकरण ठरेल. पुढे कधीतरी एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यात दिवसभराच्या कामाने थकलेली तंत्रज्ञ तुमचे उपकरण हाती घेईल, तेव्हा त्या यादीतील किती ओळी तुम्ही खोडू शकला होता, यावरच तिच्यासमोर बसलेल्या रुग्णाला त्याच दिवशी उत्तर मिळणार की नाही, हे ठरेल.

ज्यांनी प्रयोगशाळेत अशा जोडण्या केल्या आहेत, त्यांनी आपले अनुभव येथे जरूर लिहावेत. फसलेल्या जोडण्यांचे अनुभव विशेष उपयोगी पडतील.